माझ्या दोरीच्या कड्या आणि त्याचा बोल्ट

बोल्ट मी लावला नव्हता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढचं कोणी वाचेल न वाचेल. शाळेत मी दुसरीत बसलो होतो, पास झालो नाही. पण अक्षर जुळवता येते, आणि मी जे जुळवतो ते खरं असते.

आमचं गाव सानगडीच्या बाजूला. गावाला तलाव आहे आणि तलावाच्या मातीच्या पाळीखाली माझ्या चुलतभावाची धानाची बांधी आहे. तलाव झिरपतो, त्यामुळे त्या बांधीत भर उन्हाळ्यातही पाय ओला होतो. रोवण्याचे दिवस होते. चिखल करता करता त्याचा ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट पोटापर्यंत बसला. ओढायला दुसरा ट्रॅक्टर आणला, चेन आणली. चेन जोडायची लोखंडी कडी होती, पण तिची पिन हरवलेली. चुलतभावानं नांगराच्या फाळाचा बोल्ट काढला आणि पिनेच्या जागी घातला.

मी म्हटलं, "हा बोल्ट नोको लावू गा. हा फाळाचा हाय, ओढीचा नाही."

"काही होत नाही जी दादा. मागच्या सालीबी हाच लावला होता."

"मागच्या साली सुक्यात ओढलं होतं."

"तुमी दोरीवाले मानूस. लोखंडाचं तुमाले काय समजते?"

शेताच्या धुऱ्यावर बसलेले लोक हसले. चेन चिखलात रुतू नये म्हणून त्यानंच मला काठी दिली आणि चेन वर उचलून धरायला सांगितली. मी तिसऱ्यांदा म्हटलं, बोल्ट बदल. तेवढ्यात समोरच्या ड्रायव्हरनं गिअर टाकला. चेन ताणली, बोल्ट ऊस मोडावा तसा मोडला, आणि चेनचं टोक कडीसकट माझ्या तोंडावर आलं.

जबडा दोन जागी मोडला. एका बाजूचे दात तिथंच चिखलात राहिले. कोणी वेचलेही नाहीत, वरून रोवणा झाला. भंडाऱ्याहून मला नागपूरला नेलं. तिथं डॉक्टरांनी वरचे दात आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. नळीनं पेज पीत मी घरी पडून राहिलो.

आणि माझं तोंड बांधलेलं होतं तेवढ्या दिवसांत चुलतभावानं गावात बोलून घेतलं.

चौकातल्या हॉटेलात बसून तो सांगे, "दादानंच बोल्ट लावला. मी म्हणून राहिलो होतो, नोका लावू जी, पन ते आयकतात कोनाचं?" ऐकणारे मान हलवत. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत, मी कोणाचं ऐकत नाही हेही माहीत. म्हणून खोटं बरोबर बसलं. चिखल वाळला की त्यातलं पाऊल पक्कं होते, तसं ते पक्कं झालं. आमची बुढी बाहेरून आली की मला सांगे, आज अमक्याच्या घरी असं बोलले, तमकीच्या घरी तसं बोलले. ती भांडून येई. पण नवऱ्याची बाजू घेणारी बाई, तिचं कोण मोजते? मी खाटेवर पडून दातांनी तार चावत असे.

तार निघाली तेव्हा मी चौकात जाऊन सांगितलं, बोल्ट त्यानं लावला. जबडा वाकडा बसला होता, शब्द एका बाजूनं गळत. लोक म्हणाले, "हो जी दादा, हो जी." लहान पोराला म्हणतात तसं. एकजण म्हणाला, "झालं गेलं, सोडा ना आता. तुमचा भाऊच हाय."

दात गेल्याचं दुःख मी केलं नाही. आमच्याकडे भातच खातात, तो गिळता येते. दुःख दुसरं होतं. मी जन्मभर बांधणारा माणूस. अंबाडीच्या दोऱ्या मी माझ्या बापाच्या मांडीजवळ बसून वळल्या. धानाच्या भाऱ्यांनी भरलेल्या बंडीवर माझा नाडा पडला की तुमसरपर्यंत एक भारा हलत नसे. विहिरीत मोटर उतरवायची असो, लग्नाचा मांडव ताणायचा असो, गाभण गाय खड्ड्यातून वर काढायची असो, माणूस माझ्याच दारात येई. जबडा मोडल्यावर कोणी आलं नाही. माझ्या घरासमोरच्या विहिरीत मोटर उतरली आणि ती दुसऱ्यानंच बांधली. मी ओसरीवरून पाहत होतो. गाठ चुकीची होती.

त्या दिवशी मी ठरवलं. चुलतभावाच्या तोंडून वदवून घ्यायचं, सगळ्यांसमोर, उजेडात. कसं ते माहीत नव्हतं.

मग आमच्या शिवारातून विजेची मोठी लाईन गेली. उंच टावर, वर तारा. तारांचे ड्रम ठेवायला त्यांनी शाळेमागची पडीक घेतली आणि चौकीदार म्हणून मला ठेवलं. काम करणारी टोळी बंगालकडची होती, मालदा का काय ते. त्यांच्यातला एक मिस्त्री संध्याकाळी माझ्याजवळ बिडी प्यायला बसे. मी त्याला अंबाडीची दोरी वळून दाखवली, तर त्यानं खिशातून पांढऱ्या दोरीची एक कडी काढून माझ्या हातात दिली. करंगळीएवढी जाड, हलकी, हाताला तेल लावल्यासारखी गुळगुळीत. एका बाजूला फासा, दुसऱ्या बाजूला सुपारीएवढी घुंडी. फासा सैल करायचा, घुंडी आत घालायची, फासा ओढायचा. बस. कडी लागली.

"ये किस काम का?" मी विचारलं.

"चाचा, जहाँ तुम लोहा लगाते हो ना, वहाँ ये लगता है. लोहे से मजबूत है."

"झूठ."

"कल देखना."

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या कडीनं ड्रमनं भरलेली गाडी ओढून दाखवली. संध्याकाळी मी विचारलं, "और टूटा तो?"

तो हसला. "टूटेगा तो गिर जाएगा, चाचा. उड़ेगा नहीं. इसमें वजन ही कहाँ है?"

माझा हात आपोआप जबड्याकडे गेला. मी त्याला म्हटलं, मला हे शिकव. नाही शिकवलं तर उद्यापासून तुमच्या ड्रमवर बकऱ्या चढल्या तरी मी उठणार नाही.

ही दोरी आमच्या दोरीसारखी वळलेली नसते, वेणीसारखी विणलेली असते आणि आतून पोकळ. तिला पोट असते. दोन हात पसरले की जेवढी वाव होते, तेवढी दोरी घ्यायची. मधात दुमडायची. दुमडीपासून चार बोटं सोडून एका पदराची वीण बोटांनी उघडायची आणि दुसरा पदर त्यातून आरपार काढायचा. हा झाला फासा. पुढं एक पदर दुसऱ्याच्या पोटातून हातभर सरकवायचा, म्हणजे दोन पदरांची एकच दोरी दिसते. सरकवायला त्यांच्याजवळ औजार होतं. मी सायकलच्या चाकाची काडी मधातून वाकवून घेतली, तीच अजून वापरतो. शेवटी दोन्ही टोकांची घुंडी गुंफायची. ती मला पहिल्याच दिवशी जमली, मिस्त्री पाहत राहिला. चऱ्हाट वळलेली बोटं होती, त्यांना कोणी शिकवायचं?

पण खरी गोष्ट घुंडीच्या पुढं आहे. घुंडीतून निघालेल्या शेपट्या लांब ठेवायच्या आणि परत दोरीच्या पोटात घालून दडवायच्या. दोरी इतकी गुळगुळीत की शेपूट आखूड असली तर ओढीबरोबर सरकत सरकत घुंडी उलगडून जाते. आणि कडी कामाला लावायच्या आधी घुंडी बसवायची. मी ती मोहाच्या झाडाच्या बुडाला अडकवून बैलजोडीनं ओढून घेत असे. एकदा घुंडी बसली की दगड. मग ती कोणाच्या बापाला सुटत नाही.

दोन गोष्टींना मात्र ही दोरी भिते. धारदार काठाला आणि आगीला. मिस्त्रीनं हे मला दोनदा सांगितलं. मी गावात कोणाला सांगितलं नाही.

टोळी निघून गेली तेव्हा उरलेले तुकडे मला देऊन गेली. पुढं मी नागपूरहून मागवत राहिलो. हिवाळाभर ओसरीवर बसून कड्या केल्या. बुढी म्हणे, "आता म्हातारपनी स्वेटर विनून राहिले का जी?"

मी म्हणे, "हो. भावासाठी विनून राहिलो."

गावातल्या ज्या ज्या घरी ट्रॅक्टर होता त्या त्या घरी मी स्वतः जाऊन कडी दिली. फुकट. ज्यांची बांधी चुलतभावाच्या बांधीला लागून, त्यांना आधी. फक्त एका घरी दिली नाही. देताना एकच शब्द घेतला: ही कडी तुझी, पण त्याला द्यायची नाही, उसनीही नाही, त्याच्या कामाला लावायचीही नाही.

लोकांना गंमत वाटली. "दादा, तुमी तं डोक्यातच धरून बसले."

"डोक्यात नाही, जबड्यात. शब्द दे."

"दिला जी, दिला."

पहिल्या पावसात एकाचा ट्रॅक्टर फसला. त्यानं गंमत म्हणून कडी लावली. ट्रॅक्टर निघाला. मग दुसऱ्याचा निघाला. सागाचे ओंडके ओढले, विहिरीतली जुनी मोटर वर आली, शंकरपटाच्या दिवशी बैल पळतात त्या दाणीजवळही एकानं लावली. हळूहळू चेना खुंट्यांना लटकून गंजू लागल्या. आणि लोक माझ्या दारात परत येऊ लागले. दादा, मोटर बांधायची आहे. दादा, मांडव आहे. मी जात असे. पण चहा पिताना बोल्टाची गोष्ट काढली की ज्याच्या त्याच्या कपात काहीतरी पडलेलं असे. तो कपातच पाहत राही.

चुलतभाऊ सगळं पाहत होता. मागायला आला नाही. मागणारी जात नाही आमची. त्यानं नागपूरहून तीच पांढरी दोरी आणली, कोणाच्या तरी ओसरीवर माझी कडी उलटीपालटी करून पाहिली, आणि स्वतः केली. करून ट्रॅक्टरच्या पुढं टांगली, दृष्टीचं लिंबू टांगावं तशी. आणि मी हॉटेलात बसलो असताना मुद्दाम काढून माझ्या समोर आणली.

"पाहा जी दादा. तुमच्यापेक्षा चिकनी झाली का नाही?"

मी हातात घेतली. फासा बरा होता. घुंडी खरंच सुंदर गुंफली होती, शेवटी रक्त एकच. पण शेपट्या त्यानं घुंडीला लागूनच कापल्या होत्या, लोंबकळू नयेत म्हणून. आणि कापलेली टोकं माचिसनं जाळली होती. आमच्याकडे कोणतीही प्लास्टिकची दोरी कापली की टोक जाळतात, हाताची सवयच आहे ती. बाजारातल्या पिवळ्या दोरीला ते चालते, वितळून गोळा होते आणि दोरी उसवत नाही. या दोरीला नाही चालत. घुंडीच्या बुडाशी दोन काळे ठिपके होते आणि त्यांच्याभोवतीची वीण आचेनं कडक झाली होती.

सगळं हॉटेल माझ्या तोंडाकडे पाहत होतं.

"चांगली हाय," मी म्हटलं, आणि त्याच्या हातात दिली.

तो खूश झाला. त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. मी प्यालो नाही.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यानं जाणूनबुजून माणसं मरायला सोडली. नाही. लोखंडाची असती तर मी तिथंच हिसकून घेतली असती. दोरीची होती. तुटली, सुटली, तरी खाली पडणार. तिनं त्याचं एकही हाड मोडलं नसतं. फक्त त्याचं नाक कापलं असतं, आणि तेवढंच मला हवं होतं.

धान कापणीला आलं तेव्हा दिवाळीनंतर पाऊस झाला. यायचा नव्हता, आला. चुलतभावानं पंजाबकडून आलेला हार्वेस्टर ठरवला होता. ड्रायव्हर सरदारजी होता. त्यानं बांधीच्या काठावर पाय दाबून पाहिला आणि म्हणाला, दोन दिवस थांबा. चुलतभाऊ म्हणाला, काही होत नाही. त्याचं सगळं आयुष्य या तीन शब्दांवर चाललं आहे. हार्वेस्टर पाळीखालच्या बांधीत उतरला, दोन फेरे नीट झाले, तिसऱ्या फेऱ्यात मागची बाजू बसली. काढायला जोर केला तसा पुढूनही बसला.

मी गेलो तोवर अर्धं गाव धुऱ्यावर होतं. पूर्वेकडे ढग होते, आणि अर्धं धान उभं होतं.

समोर दोन ट्रॅक्टर जोडले. सरदारजीजवळ ओढायचा रुंद पट्टा होता. पट्टा हार्वेस्टरला जोडायला चुलतभावानं आपली कडी लावली, सगळ्यांना दिसेल अशी. मी चिखलात उतरलो आणि पट्ट्याजवळची सगळी माणसं हाकलून धुऱ्यावर नेली.

"काहून जी दादा?" तो ओरडला. "दोरी उडत नाही म्हनून तुमीच सांगत होते ना?"

"उडत नाही. पन सगळ्याईले नीट दिसाव म्हनून."

ट्रॅक्टर ताणले. पट्टा ताठ झाला. घुंडी फाशात घट्ट बसली, एक क्षण वाटलं की निघतो हार्वेस्टर. मग घुंडी वळवळली. मी ते पाहिलं. शेपटीचा काळा ठिपका आत गेला, मग दुसरा गेला, आणि ती सुंदर घुंडी आपल्या आपण उलगडून सरळ दोरी झाली. पट्टा चिखलात पडला, फट्ट. समोरचे दोन्ही ट्रॅक्टर बेडकासारखे उसळून पुढं गेले. कोणाला खरचटलंही नाही.

धुऱ्यावरून पहिल्यांदा एक बाई हसली. मग सगळेच हसले.

"चेन आना रे!" चुलतभाऊ ओरडला.

सरदारजी मधात आला. "चेन नहीं लगाने दूँगा. सामने काँच है, मैं अंदर बैठता हूँ."

मग चुलतभावानं धुऱ्यावर पाहिलं. तिथं माझ्या कड्या असलेले उभे होते. एकाच्या कमरेलाच कडी होती, करदोट्यात अडकवलेली. चुलतभाऊ त्याच्याजवळ गेला आणि हात पुढं केला. त्या माणसानं कडी काढली नाही. माझ्याकडे पाहिलं.

"दादा म्हनतीन तं देतो."

दुसऱ्याकडे गेला. तोही म्हणाला, "दादाले विचार."

मी पाळीवर बसून होतो. तो चिखल तुडवत माझ्याकडे आला, गुडघ्यापर्यंत भरलेला. मी उठलो नाही.

"दादा, द्या जी."

"देतो. बोल्ट कोनं लावला होता तेवढं सांग."

"आता हे काहून काढून राहिले? पाऊस येऊन राहिला."

"म्हनूनच लवकर सांग."

"दादा, जुनं झालं जी ते."

"मी रोज एका बाजूनं भात खातो. मले रोज नवं हाय."

बुढी मागून म्हणाली, "द्या ना जी. धान सडते. अन्नाचा तरी विचार करा."

मी तिला म्हटलं, "वो, तू चूप." ती गप्प झाली, पण जवळच उभी राहिली. मला वाटते तिलाही ऐकायचं होतं.

त्यानं ढगाकडे पाहिलं, हार्वेस्टरकडे पाहिलं. मग खाली मान घालून, ओठ न हलवता म्हणाला, "मी लावला."

"मले आयकू आलं. माहे कान चांगले हायेत. त्या लोकाईले नाही आलं."

तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मला वाटलं आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं, मी तयार होतो. पण तो वळला, धुऱ्याकडे तोंड केलं आणि ओरडला, "बोल्ट म्याच लावला होता! दादा नोको म्हनून राहिले होते! झालं?"

हा शब्द ऐकायला मी एवढे दिवस कड्या विणल्या होत्या. मला वाटलं होतं, आता लोक दचकतील. एकमेकांकडे पाहतील. कोणीतरी म्हणेल, अरे, आम्ही त्या म्हाताऱ्याला उगाच नावं ठेवली. कोणी दचकलं नाही. ज्याच्या करदोट्यात कडी होती तो म्हणाला, "आता द्या जी दादा. हे तं आमाले माहीतच होतं."

"काय माहीत होतं?"

"बोल्टाचं. आमी होतोच ना तती. बोल्ट त्यानं घालताना मी चेन धरून होतो."

मी दुसऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सगळ्याईले माहीत होतं जी. पन तवा आमची चिखलनी त्याच्याच ट्रॅक्टरनं होत होती. कायले तोंडाले लागाव?"

करदोट्यावाल्याच्या कमरेची कडी मी सोडून घेतली. शब्द दिला होता, तो पाळला. पट्टा स्वतः बांधला, कडी लावली, फासा ओढून घेतला आणि हात वर केला. ट्रॅक्टरांनी ताण घेतला, हार्वेस्टर चिखलातून दातासारखा उपटून निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या ऐकू आल्या नाहीत. मी धुऱ्यावरचे चेहरे मोजत होतो. ज्यांच्या ओसरीवर जाऊन कडी दिली, ज्यांच्या घरी चहा पिताना बोल्टाची गोष्ट काढली आणि ज्यांनी कपात पाहिलं, ते सगळे तिथं होते. पहिल्या वेळीही ते तिथंच होते, धुऱ्यावरून हसणारे तेच. तेव्हा मी चेहरे मोजले नव्हते, माझ्या तोंडातून रक्त येत होतं. चुलतभाऊ खोटं बोलला, कारण त्याला स्वतःला वाचवायचं होतं. हे मात्र फुकट गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थैली घेऊन निघालो. घराघरी गेलो आणि म्हटलं, कडी दे.

"काहून जी? काय चुकलं?"

"तुले माहीत होतं."

एवढंच. फुकट दिली होती, त्यामुळे कोणाला बोलायला जागा नव्हती. एकानं कडी बायकोच्या हाती पाठवली, स्वतः आत बसून राहिला. एकजण म्हणाला, "म्हातारा चळला." मी म्हटलं, हो, पण कडी दे. थैली भरली. घरी येऊन वाटलं सगळ्या उकलून टाकाव्या. पण ओढ खाल्लेली घुंडी सुटत नाही, ब्लेडच लावावं लागते. एक कापली. दुसरीला ब्लेड लावलं आणि थांबलो. काम माझं होतं, त्यांच्या पापापायी मी का कापू? सगळ्या ओसरीच्या आड्याला टांगल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात.

चुलतभावाला मी एक कडी दिली. आश्चर्य कोणाला वाटलं तर वाटू दे. माझा हिशेब सरळ आहे. तो बोलला, मोठ्यानं बोलला, त्याचं त्याला मिळालं. कडी त्याच्या दारात खुंटीला अडकवून मी परत आलो, हाक मारली नाही. आम्ही अजून बोलत नाही आणि बोलणारही नाही.

बाकीच्यांसाठी मी नियम केला. माझ्या अंगणात उभं राहायचं आणि म्हणायचं, मला माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. मग कडी घेऊन जायची. पहिला आला तो सगळ्यात गरीब, एका जुन्या ट्रॅक्टरचा मालक. खाली पाहत म्हणून गेला. मी कडी त्याच्या हातात दिली आणि बुढीनं त्याला चहा दिला. त्यानंतर तिघं-चौघं आले. बाकीचे चेन वापरून राहिले. गंज खरवडतात, ग्रीस लावतात, पिन नवी आणतात, पण येत नाहीत.

परवा करदोट्यावाला आला. रोपांसाठी पऱ्हे टाकून झाले आहेत, रोवणा जवळ आला आहे, त्याची बांधी पाळीच्या अगदी बाजूला. मी म्हटलं, बस. तो बसला. पाऊस लवकर आहे म्हणाला. खत मिळत नाही म्हणाला. मुलीच्या लग्नाचं सांगितलं, तलावात यंदा मासे कमी आहेत ते सांगितलं. बोलता बोलता वर आड्याकडे पाहिलं, मग बाहेर अंगणात पाहिलं, मग परत माशांचं सांगितलं. मी हो-हो करत होतो. त्याचं बोलणं संपलं.

"निघतो जी दादा," तो म्हणाला.

"ये," मी म्हटलं.

तो अंगणातून गेला, उभा न राहता.